मेंबरानं प्यायचं पाणी

कसबे निंबोळ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, रखमाजी मापाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा. जालन्याहून मंठ्याकडं निघालेला गाडीवान मोंढ्यापासून दोन शेतं लांब असला तरी त्याला कळायचं की आज ज्वारीची रास पडली आहे आणि रखमाजीच्या हातात पायली आहे. पहिल्या मापाला रखमाजी कधी 'एक' म्हणाला नाही. कोणताच मापारी म्हणत नाही. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं आणि रास वाढत नाही, अशी मोंढ्याची समजूत. असा हा दणदणीत गळ्याचा माणूस घरी आला की मात्र मोजकंच बोलायचा, कारण घरी गोजरबाई होती.

काळ निजामाच्या राज्यातला, फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचा. रखमाजीचं घर खालच्या गल्लीत, आणि गल्लीचं पाणी बारवेचं. बारव जुनी, दगडी, पाण्यापर्यंत उतरायला बावीस पायऱ्या. बायका खाली उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. पाणी थंडगार, चवीला गोड आणि नारूनं भरलेलं. नारू म्हणजे पाण्यावाटे पोटात जाऊन साल उलटल्यावर पायातून निघणारा दोऱ्यासारखा लांब किडा. त्यानं तोंड बाहेर काढलं की त्याला बारीक काडीवर घ्यायचं आणि दररोज एक वेढा द्यायचा. घाईनं ओढला तर आत तुटतो, पाय भोपळ्याएवढा सुजतो आणि माणूस महिनोन्महिने आडवा होतो. गोजरबाईला तो दोनदा होऊन गेला होता.

जालन्याहून एक सरकारी डॉक्टर येऊन सांगून गेला होता की पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट बसवा. पाण्यात कोणाचा पाय जाऊ देऊ नका, नारू जाईल. काम एवढंच. त्यासाठी बलदियेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, बैठकीत एका माणसानं तोंड उघडायला हवं होतं, आणि तो माणूस म्हणजे खालच्या आणि वरच्या गल्लीचा मेंबर, बद्रीनाथ पाटील.

पाटील वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्नकार्यात सढळ हातानं द्यायचा, कोणाच्या बांधाला त्यानं कधी नख लावलं नाही. पण त्याच्या परसात स्वतःची विहीर होती आणि तिच्यावर चांगला शिसवी रहाट होता. गावात पाण्याचं दुखणं आहे हे त्याला माहीत होतं, पण आपल्याला काशी माहीत असते तितपतच.

मेंबर निवडायची निंबोळ्याची रीत मोठी छान होती. मत फक्त घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांना. अर्ज भरायच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर मंडळी जमायची. पान-सुपारी व्हायची. मग कारभारी आप्पा नावाचे गावातले सगळ्यांत जुने गृहस्थ घसा साफ करून म्हणायचे, "कशाला वाकडेपणा? एकच नाव जाऊ द्या." ते एकच नाव जायचं. तहसील कचेरीत पेशकार टाक बुडवून कागदावर उर्दूत लिहायचा, 'बिलामुकाबला'. म्हणजे समोर कोणी नाही, लढत नाही, खेळ खलास. या एकीचा निंबोळेकरांना एवढा अभिमान की पाहुण्यारावळ्यांना ते ती गोष्ट देवळाचा कळस दाखवावा तशी दाखवायचे. तीन खेपा पाटील बिलामुकाबला निवडून आला आणि तीन खेपा बारवेच्या पायऱ्या होत्या तशाच उघड्या राहिल्या.

रखमाजी दर सुगीनंतर पाटलाकडं जाऊन हात जोडायचा. पाटील दर वेळी पान पुढं करायचा आणि म्हणायचा, "बघू."

चौथ्या निवडणुकीच्या आधी गोजरबाईला तिसरा नारू निघाला होता. ती उंबऱ्याशी पाय पसरून काडीला वेढा देत बसली होती. रखमाजी बारवेतून घागर घेऊन आला.

"पाटलाकडं गेल्तो," तो म्हणाला. "बघू म्हणले."

"किती सालं झाली बघून राह्यले?"

"आता बड्या माणसाला आपुन काय म्हणावं?"

गोजरबाईनं काडी धाग्यानं पायाला बांधली. "तुमच्यापरीस माजा नारू बरा. दररोज एक वेढा का व्हईना, भाईर तरी येऊन राह्यला. तुमी कव्हा येणार भाईर?"

हे रखमाजीला झोंबलं. रात्रभर त्यानं कूस बदलली आणि दुसऱ्या दिवशी पाराकडं न जाता तो थेट कचेरीत गेला. मुन्शीकडून अर्ज लिहून घेतला. अर्जाला अनुमोदन लागत होतं, ते भुजंग न्हाव्यानं दिलं. भुजंगाचा आदल्याच आठवड्यात पाटलाच्या दिवाणजीशी खटका उडाला होता आणि राग अजून ताजा होता. पेशकारानं अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. निंबोळ्यात मुकाबला होणार होता.

गावात एकच बोंब उठली. कारभारी आप्पा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. खरं तर एकच वेळ जेवले नाहीत, पण गावानं दोन दिवस केले. मत तेव्हा गुपचूप द्यायचं नव्हतं. तहसीलदारापुढं उभं राहून मोठ्यानं नाव सांगायचं. पाटलाविरुद्ध नाव घ्यायची छाती कोणाची होती? निवडून येणार पाटीलच, हे पाटलालाही ठाऊक होतं. पण भर कचेरीत कोणी दुसऱ्याचं नाव घेतलंच तर? चार जणांनी घेतलं तर? तीन खेपा ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, त्या माणसाची या विचारानं झोप उडाली. जन्मात पहिल्यांदा पाटील मतं मागायला खालच्या गल्लीत उतरला.

आणि तिथं त्याच्यापुढं पाणी आलं.

आपल्याकडं माणूस उंबऱ्याच्या आत आला की आधी गूळ-पाणी, मग गोष्ट. पाण्याला नको म्हणणं म्हणजे घराला नको म्हणणं, आणि मत मागायला आलेल्यानं घराला नको म्हणून कसं चालेल? गल्लीत घरं एकतीस. पहिल्या घरी पाटलानं लोटा ओठाला लावल्यासारखा करून खाली ठेवला. दुसऱ्या घरी म्हणाला, आज उपास आहे. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "उपासाला पानी चालतंय की, पाटील," आणि तो पिईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिथून पुढं त्याची एकही सबब टिकली नाही.

पाटील रीतभात जाणणारा, म्हणून विरोधी उमेदवाराच्या घरीही आला. रखमाजी मोंढ्यात होता. गोजरबाई लंगडत आतून लोटा घेऊन आली. तिनं मुद्दाम काही केलं असं म्हणणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावावं. जे पाणी ती नवऱ्याला द्यायची तेच तिनं पाटलाला दिलं.

"सगळा प्या, पाटील. आमी ह्याच पान्यावर जगून राह्यलो."

पाटलानं तिच्या पायाच्या काडीकडं पाहिलं. मग लोट्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "निवडून आलो की पैल्या बैठकीत रहाटाचं काम काढतो. बिलकुल."

मतदानाच्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण पुढं गेला आणि पाटलाचं नाव सांगून आला. भुजंगानंसुद्धा तेच सांगितलं. राग केव्हाच निवला होता आणि दर सोमवारी वस्तरा पाटलाच्याच गालावर चालायचा होता. रखमाजीनं स्वतःचं मत स्वतःला दिलं. शेवटी पेशकारानं वाचलं, "रखमाजी वल्द संभाजी. एक."

मागच्या भिंतीपासून रखमाजीचा मोंढ्यातला आवाज आला, "एक न्हाई साहेब! लाभ म्हना, लाभ!"

तहसीलदारसुद्धा टेबलावर हात आपटून हसला. पुढं वर्षभर गावानं रखमाजीला 'लाभशेट' म्हणून छळलं.

पहिल्या बैठकीत पाटील रहाटाचं विसरला. दुसऱ्या बैठकीत आठवलं, पण सुभेदारसाहेबांच्या स्वागताच्या कमानीचा विषय निघाला. अशी साल-सव्वा साल गेली आणि एका सकाळी पाटलाच्या घोट्यापाशी खाज सुटली, फोड आला, फोडातून पांढरा दोरा दिसला. निंबोळ्याच्या मेंबराला नारू झाला होता. घरातल्या माणसांनी हे दुखणं कधी पाहिलं नव्हतं. कोणी म्हणे ओढा, कोणी म्हणे कापा. तेव्हा पाटलिणीनं गडी पाठवून गोजरबाईला बोलावलं.

गोजरबाई गेली. तिनं काडी घेतली, दोरा हलकेच तिच्यावर घेतला आणि ओल्या फडक्यानं बांधला. "ओढू नका. दररोज एक वेढा. घाई केली का मेलात."

पाटील लोडावर पाय ठेवून घामाघूम झाला होता. त्या अवस्थेतही त्यानं विचारलं, "गोजरबाई, खरं सांगा. ह्यो तुमच्या लोट्यातला का?"

"गल्लीभर लोटे पेलात, पाटील. आता कुन्या एकाचं नाव घेऊ?"

पाटील कळवळत होता तरी हसला. म्हणूनच तर म्हटलं, माणूस वाईट नव्हता. त्याच्या पायातला नारू पुरता निघायच्या आत खालच्या गल्लीच्या पायऱ्या बुजल्या, कमरेएवढा कठडा उठला आणि वर रहाट कुरकुरायला लागला. पहिली बादली गोजरबाईनं ओढली. कठड्याला टेकून ती रडली आणि कोणी बघितलं तर बघू दे म्हणून डोळेही पुसले नाहीत.

पुढच्या निवडणुकीला पाटलानं स्वतःच पारावर उठून सांगितलं, "मला बास झालं. ह्या खेपेला रखमाजीला धाडा." कारभारी आप्पांना हायसं वाटलं. एकच नाव गेलं. बिलामुकाबला!

रखमाजीला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं काळी शेरवानी शिवून घेतली. गोजरबाईनं तिची बटणं एकेक करून तपासली आणि विचारलं, "आता तुमच्यासमोर कोन हाय?"

"कोनीच न्हाई!"

"त्येच इचारून राह्यले."

रखमाजीला वाटलं, बाईला आनंद कसा करावा तेच कळत नाही. तो कामाला लागला. काम म्हणजे कचेरीपुढचे कंदील, सुभेदारसाहेबांसाठी कमान आणि बैठकीत खुर्ची कोणाच्या शेजारी यावी याचा विचार. लेक नंदा वरच्या गल्लीत कडूबाला दिलेली होती. वरच्या गल्लीलाही एक बारव होती, सतरा पायऱ्यांची. सणाला माहेरी आली की नंदा म्हणायची, "बा, आमच्या बारवेचंबी बघा ना." एके दिवशी रखमाजीनं पान तोंडात टाकलं आणि म्हणाला, "बघू."

शब्द तोंडातून गेला तरी त्याला काही वाटलं नाही. चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईचा हात मात्र थांबला.

तिसऱ्या साली नंदाचा पाय सुजला. गोजरबाई रोज वरच्या गल्लीत जाऊन लेकीच्या पायाची काडी फिरवून यायची. तिला नवऱ्याचा राग आला होता आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. ज्या वेदनेसाठी आपण हा माणूस घराबाहेर काढला, तीच वेदना लेकीच्या पायात, आणि हा शेरवानीला अत्तर लावून राह्यला! पण ती नवऱ्याला एक शब्द बोलली नाही, आणि गोजरबाई बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं तरी रखमाजीला कळायला हवं होतं.

निवडणूक आली. पारावर पान-सुपारी झाली. कारभारी आप्पांनी घसा साफ केला, "कशाला वाकडेपणा?" रखमाजीनं मान लववून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशकाराचा शिपाई सांगत आला की कडूबानं अर्ज भरलाय आणि अनुमोदन बद्रीनाथ पाटलाचं आहे.

रखमाजी घरी आला तो पायताण न काढताच. "जावयानं सासऱ्याच्या इरोधात उभं राह्यचं? इज्जत हाय का न्हाई काही?"

"म्या सांगितलं त्याला," गोजरबाई ज्वारी निवडत म्हणाली.

"तू?"

"मंग काय करू? पाटील मुकाबला झाल्याबिगर गल्लीत आले न्हाईत. तुमी तर सोत्ताच्या लेकीच्या दारात आले न्हाई. उद्यापासून जल्दी उठा. लई घरं हिंडायची हायेत."

हिंडणं भागच होतं. खालच्या गल्लीत रखमाजी रुबाबात फिरला. तिथं रहाटाचं पाणी होतं. वरच्या गल्लीत पाऊल टाकलं आणि पहिल्याच घरी लोटा पुढं आला. रखमाजी पाटलासारखा नवखा नव्हता. त्यानं एका घरी एकादशी सांगितली, दुसऱ्या घरी घशाची तक्रार, तिसऱ्या घरी लोटा हातात घेऊन बोलता बोलता तुळशीला घातला. अशा हिकमती करत तो जावयाच्या दारी पोचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. कारण लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही रीत. नंदाला अजून मूल नव्हतं. या एका घरी त्याला कोणी आग्रह करू शकणार नव्हतं.

"या मामा, बसा," कडूबा अदबीनं म्हणाला आणि घोंगडी अंथरली. विरोधी उमेदवार असला तरी सासरा तो सासरा.

नंदा भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून. शेजारी गोजरबाई. "पाव्हनं, मताचं बोलायला आलो," रखमाजी म्हणाला.

गोजरबाईनं शेजारचा लोटा उचलून त्याच्यापुढं सरकवला.

"खुळी का काय तू?" रखमाजी हसला. "लेकीच्या घरचं पानी बाप पेतो का?"

"बाप म्हनून आलात का मेंबर म्हनून?"

"म्हंजी?"

"बाप म्हनून आला असाल तर बसा, लेकीचा पाय बघा अन् मताचं नाव काढू नका. मेंबर म्हनून आला असाल तर पाटील पेले तसं प्या."

रखमाजीनं तेव्हा पहिल्यांदा नंदाच्या पायाकडं नीट पाहिलं. काडीवर पांढऱ्या दोऱ्याचे वेढे होते. मोंढ्यात हजारो पायल्या मोजलेल्या माणसाला तेवढे वेढे मोजवेनात. लेकीनं तीन सालं सांगितलं आणि आपण काय म्हणालो ते त्याला आठवलं, शब्द न् शब्द, तोंडातल्या पानासकट. त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं लोटा उचलला.

"बा, ऱ्हाऊ द्या!" नंदानं हात पुढं केला. "आई, ऱ्हाऊ दे ना गं."

"मेंबर म्हनून आलो," रखमाजी म्हणाला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

मग बराच वेळ तो लेकीच्या पायाशी बसून राहिला. उठताना त्यानं कडूबाला विचारलं, "मंग पाव्हनं, तुमचं मत?"

"मलाच, मामा."

"बराबर हाय," रखमाजी म्हणाला. परत जाताना ज्या तीन घरी सबबी सांगितल्या होत्या तिथं तो पुन्हा गेला आणि पाणी मागून प्यायला.

या खेपेला कचेरीत लोक बिचकले नाहीत. मोठ्यानं नावं घेतली, काहींनी तर दोनदा घेतली. रखमाजी निवडून आला. पेशकारानं मतांचा फरक वाचला, "एक." सगळ्यांनी माना मागं वळवल्या, पण रखमाजी या वेळी ओरडला नाही. पहिल्याच बैठकीत तो उभा राहिला तो वरच्या गल्लीच्या बारवेचं काम कागदावर उतरेपर्यंत खाली बसला नाही, आणि त्याचा आवाज कसा होता हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीच्या आत सतरा पायऱ्या बुजल्या.

साल उलटलं आणि ठरल्या वेळी नारू रखमाजीच्या घोट्यातून बाहेर आला. तो ओरडला नाही, कोणाला बोल लावला नाही. उंबऱ्याशी पाय पसरून बसला. गोजरबाईनं काडी घेतली.

"ओढू नका. दररोज एक वेढा."

"ठावं हाय," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पुढल्या खेपेला माज्यासमोर कोन उभं ऱ्हाईल गं? कडूबा म्हनतो, आता आमचं काम झालं, कशाला वाकडेपणा."

गोजरबाईनं फडकं घट्ट बांधलं. "तुमी पायाचं बघा," ती म्हणाली. "मानूस म्या बघून ठिवलाय."